सदस्यांना विश्वासात न घेता

महसूल खात्यात मी बत्तीस वर्षं काढली. तलाठी म्हणून लागलो, अव्वल कारकून होऊन निवृत्त झालो, आणि कुंभिवलीत अजूनही लोक मला भाऊसाहेबच म्हणतात. कचेरीत असताना सरपंचांवरच्या अविश्वास ठरावाच्या नोटिसा माझ्याच टेबलावर यायच्या. किती आल्या ते मोजलं नाही, पण मजकूर पाठ झाला. गाव कुठलंही असो, गट कुठलाही असो, पहिलं कारण ठरलेलं: ‘सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करणे.’ दुसरं, ‘विकासकामांत दिरंगाई’. तिसऱ्या जागी काहीतरी त्या गावापुरतं असायचं, पाण्याची मोटर नाहीतर स्मशानभूमीची शेड. नोटीस आली की सात दिवसांत विशेष सभा लावायची. मधल्या दिवसांत ठरावाच्या बाजूचे सदस्य गावातून नाहीसे व्हायचे आणि सभेच्या सकाळी एकाच गाडीतून, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन उतरायचे. एकदा एका सदस्याने मलाही पेटी देऊ केली होती. मी घेतली नाही, हे माझ्या बायकोने अजून माफ केलेलं नाही.

हे सगळं आठवलं ते नाक्यावरच्या एका पोरामुळे. सावरोली-खारपाडा रस्त्यावरच्या एका कंपनीत तो कामाला आहे, पहिली पाळी सुटली की चहाला टेकतो. मोबाइलवर काहीतरी बघत होता. म्हणाला, “भाऊसाहेब, अमेरिकेत म्हणे लढाई केली म्हणून अध्यक्षाला काढायची मागणी करतात. लढाईसाठी काढता येतं का हो माणसाला? लढाई म्हणजे काय मनमानी कारभार आहे?”

मी म्हटलं, “मग दुसरं काय असतं?” तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

नाक्यावर उभ्या उभ्या जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो. अन्याय्य लढाई सुरू करणाऱ्या सत्ताधीशाला जाब विचारायचा तर त्या लढाईचाच विचारावा, आणि तो खुर्चीवर असताना विचारावा. मागाहून कधीतरी, कुठल्यातरी कंत्राटाच्या नाहीतर भेटवस्तूंच्या प्रकरणात गाठून काही साधत नाही. हे मी अमेरिकेकडे बघून म्हणत नाही. माझ्या अंगणातून पूर्वेला सह्याद्रीची जी भिंत दिसते, तिच्यातून वर जाणाऱ्या वाटेने मला हे शिकवलं.

बोरघाट आज सगळ्यांना वाहतूक कोंडीमुळे माहीत आहे. आमच्या तालुक्यात लढाई म्हटलं की उंबरखिंड. २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला तिथे कोंडला, तिथे स्मारक आहे, दरवर्षी लोक जमतात. त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आत बोरघाटाखालच्या याच खोऱ्यातून इंग्रजांच्या फौजा दोनदा पुण्यावर चालून गेल्या आणि दोन्ही वेळा हात हलवत परतल्या. त्याची एकही गोष्ट मी लहानपणी ऐकली नाही. निवृत्तीनंतर ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा इंग्रजी कॅम्पूली हे नाव लागलं, आणि ते आपलं खोपोली आहे हे कळायला मला दोन पानं लागली.

गोष्ट थोडक्यात अशी. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. राघोबादादा पेशवे झाले, पण रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना तोंडावर दोषी ठरवलं, आणि नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके वगैरे बारभाईंनी त्यांची गादी काढून घेतली. राघोबा फिरत फिरत सुरतेला पोचले. तिथे मार्च १७७५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी त्यांच्याशी तह केला: अडीच हजार फौज देऊ, पुण्याच्या गादीवर बसवू, बदल्यात साष्टी आणि वसई द्या. ठाण्याचा किल्ला तर त्यांनी आधीच, डिसेंबर १७७४ मध्ये, घेऊन टाकला होता.

या मुंबईच्या इंग्रजांचा प्रमुख होता विल्यम हॉर्नबी. त्याच्या हुद्द्याचं नाव प्रेसिडेंट, मुंबईच्या कौन्सिलाचा अध्यक्ष. पोराला मी हेच सांगत होतो की अध्यक्षाला लढाईसाठी काढायची गोष्ट आपल्याकडे अमेरिकेच्या आधीची आहे.

आता यातला कायदा बघा, कारण माझा जीव कायद्यात अडकलेला. १७७३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने नियामक कायदा केला होता. त्याप्रमाणे मुंबई आणि मद्रास यांनी कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल आणि त्याच्या कौन्सिलाच्या परवानगीशिवाय लढाई करायची नाही, तह करायचा नाही. अगदीच गळ्याशी आलं तर गोष्ट वेगळी. हॉर्नबीच्या गळ्याशी काहीही आलेलं नव्हतं. साष्टी हवी होती, राघोबा दारात आले होते, संधी दिसली. कलकत्त्याला विचारायला वेळ गेला असता आणि उत्तर नाही असं आलं असतं, म्हणून विचारलंच नाही. सदस्यांना विश्वासात न घेता.

कलकत्त्याने १७७५ मध्येच मुंबईला कळवलं की ही लढाई अविचारी आहे, धोक्याची आहे, विनापरवाना आहे आणि अन्याय्य आहे. या चार विशेषणांचा क्रम मला फार बोलका वाटतो. आधी शहाणपण, मग जोखीम, मग परवानगी, आणि न्याय सगळ्यात शेवटी. तरीही तो शब्द आला, आणि पराभव व्हायच्या आधी आला, हे मी मोठं मानतो. हरल्यावर लढाई अन्याय्य होती असं म्हणायला फारशी हिंमत लागत नाही.

गंमत पुढेच आहे. ज्या कौन्सिलाने हा शेरा मारला त्याच्या प्रमुखपदी होता वॉरन हेस्टिंग्ज. मार्च १७७६ मध्ये त्यांच्या वकिलाने पुरंदरला तह केला, सुरतेचा तह रद्द झाला. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांना सुरतेचा तह पसंत पडला होता, फ्रेंचांची भीती वाढली, आणि दोनच वर्षांनी तोच हेस्टिंग्ज त्याच राघोबासाठी फौज पाठवायला तयार झाला. फाईल तीच, शेरा उलटा. नोकरीत असं पाहिलं नसतं तर मला यावर विश्वास बसला नसता.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईची फौज पनवेलच्या बाजूला उतरली. लढणारी माणसं चार हजारांच्या आत, सामान ओढायला बैल एकोणीस हजार. मी हा आकडा वाचून पुस्तक मिटलं आणि कागद घेतला. बैलाला दिवसाला आठ किलो वैरण धरली तर एकोणीस हजार बैलांना दीडशे टन लागते. रोज. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे आमच्याकडे भात झोडून झालेलं, खळी मोकळी, पेंढ्याच्या उडव्या नुकत्या रचलेल्या. त्या वर्षी पनवेलपासून खोपोलीपर्यंत उडव्या कोणाच्या शिल्लक राहिल्या असतील? कुणाच्या गोठ्यातल्या म्हशीने जानेवारीनंतर काय खाल्लं असेल? हॉर्नबीच्या कागदांत लष्कराचा खर्च पैपैने मांडलेला असणार. पेंढ्याचा पंचनामा कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

पुढचं वाचकांना शाळेपासून ठाऊक आहे. घाट चढून फौज खंडाळ्याला, कार्ल्याला गेली, तिथे कॅप्टन स्टुअर्ट, आपला इष्टूर फाकडा, मारला गेला. तळेगावला पोचेपर्यंत नानांनी गाव मोकळं करून जाळून टाकलं होतं, दाणा नाही, वैरण नाही. माघारी फिरताना तोफा तळ्यात टाकल्या, आणि वडगावला महादजी शिंद्यांनी कोंडल्यावर जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांनी नाक घासून तह केला. तळेगाव जाळणारे आपलेच होते हे मात्र इतिहासाच्या तासाला घाईने सांगून टाकतात. अन्याय्य लढाई दुसऱ्याने आणली तरी घर आपल्या हाताने पेटवावं लागतं, आणि त्याची नोंद ‘दग्धभू धोरण’ अशी रुबाबात होते.

वडगावनंतर शिक्षा झाली. कोणाला? मोहिमेचे सेनापती एगर्टन आणि कॉकबर्न, आणि सोबत गेलेल्या समितीतला कार्नाक यांना कंपनीने नोकरीतून काढलं. हरण्याची शिक्षा होती ती. ज्याने मुंबईच्या किल्ल्यात बसून मोहीम ठरवली तो हॉर्नबी जागेवर राहिला. त्याने वडगावचा तहच धुडकावला. समितीला तह करायचा अधिकार नव्हता म्हणाला. म्हणजे आधी स्वतः विनापरवाना वागलेला माणूस आता परवानगीची बाजू मांडत होता.

दुसरी फेरी १७८१ ची. जनरल गॉडर्डने फेब्रुवारीत घाट घेतला, खाली खोपोलीला तळ टाकला, आणि पुण्याला तहाचे निरोप धाडले. नाना बधले नाहीत. वर हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर, खाली कोकणात परशुरामभाऊ पटवर्धन. पनवेलहून येणारा दाणागोटा वाटेतच कापला जाऊ लागला. ही वाट म्हणजे आमचं खोरं. एप्रिलमध्ये गॉडर्ड मागे फिरला, आणि खोपोली ते पनवेल या तीन-चार दिवसांच्या वाटेत त्याची साडेचारशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. एप्रिल म्हणजे आमच्या राब भाजणीचे दिवस. शेतकऱ्याने राब भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर त्या साली भात नाही. खोपोलीचं तळं आणि महादेवाचं देऊळ नानांनी बांधलं, आजही लोक तिथे जातात. त्या लढाईत आमच्याकडच्या किती घरांचा राब राहून गेला, हे सांगणारा एकही दगड नाही.

आणि मग लंडनमध्ये एक गोष्ट घडली. मार्च १७८२ मध्ये अमेरिकेची लढाई हरल्यामुळे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थला पार्लमेंटने घरी बसवलं होतं. त्याच सभागृहाने हिंदुस्थानातल्या लढायांची चौकशी करायला हेन्री डंडास याची गुप्त समिती नेमली होती. २८ मे १७८२ ला कॉमन्स सभेने ठराव केला की गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचा अध्यक्ष विल्यम हॉर्नबी यांनी राष्ट्राच्या प्रतिष्ठेला आणि धोरणाला बाधक वर्तन केलं, हिंदुस्थानावर मोठ्या आपत्ती आणल्या, कंपनीला अफाट खर्चात घातलं, सबब दोघांना परत बोलावावं. ठराव वाचताना मला आमच्या नोटिसांचीच भाषा ऐकू आली. फरक एवढाच की यात खोपोलीच्या घाटाखालची माणसंही ‘हिंदुस्थानावरच्या आपत्ती’ या दोन शब्दांत का होईना, आली होती. माझ्या माहितीत आमच्या खोऱ्याच्या दुःखाची परदेशी कागदावर झालेली ती पहिली दखल. त्या ठरावाच्या अकरा दिवस आधी, १७ मे ला, ग्वाल्हेरजवळ सालबाईला मराठ्यांचा आणि इंग्रजांचा तह होऊन गेला होता. लंडनला त्याचा पत्ता असणं शक्य नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे लढाई चालू होती. चालू लढाईत त्यांनी सेनापतीच्या वरच्या माणसाला परत बोलवायचा ठराव केला.

‘लढाई चालू असताना राज्यकर्त्याला हात लावू नये, सैन्याचं मनोधैर्य खचतं’ असं जे लोक म्हणतात त्यांना मी ही तारीख सांगतो. ७ आणि ८ मे १९४० ही दुसरी तारीख. हिटलर दाराशी असताना ब्रिटिश पार्लमेंटने चेंबरलेनच्या युद्धकारभारावर मतदान केलं, सरकार टिकलं पण मतांचा फरक इतका घसरला की दोन दिवसांनी चेंबरलेन गेला. सैन्य त्याने खचलं नाही. तिसरी तारीख आपली आहे: ८ नोव्हेंबर १९६२. चीन हिमालय उतरत असताना नेहरूंनी संसदेचं अधिवेशन ठरल्यापेक्षा आधी बोलावलं, आणि सरकारला अंगावर घेणारी भाषणं तिथे झाली. नेहरूंच्या चुका मोजणाऱ्यांनी हीही बाजू मोजावी.

तर ठराव झाला. पुढे? जे आमच्याकडे होतं तेच. संचालकांनी परत बोलवायचं मान्य केलं, पण वर कंपनीच्या भागधारकांची सभा होती. तिने ते फिरवलं. हेस्टिंग्ज १७८५ पर्यंत राहिला आणि स्वतःच्या पायांनी गेला. हॉर्नबीनेही आपली मुदत पुरती भरली. मुंबईने त्याला लक्षात ठेवलं ते वरळीच्या खाडीवर घातलेल्या बांधामुळे, हॉर्नबी वेलार्ड म्हणून. तो बांधही त्याने लंडनची परवानगी न घेता घातला, नकाराचं पत्र आलं ते खिशात ठेवलं, अशी आख्यायिका आहे. खरी नसेल, पण स्वभावाला शोभते. फोर्टातल्या ज्या रस्त्याला त्याचं नाव होतं तो आता दादाभाई नौरोजी रस्ता आहे.

हेस्टिंग्जवर पुढे खरोखरच महाभियोग झाला. एडमंड बर्कने १७८६ मध्ये बावीस आरोप मांडले. पहिलाच आरोप रोहिल्यांवरच्या लढाईचा होता. अवधच्या नबाबाला पैसे घेऊन फौज भाड्याने दिली आणि रोहिलखंड उद्ध्वस्त केलं. अन्याय्य लढाईचं याहून सरळ उदाहरण सापडणार नाही. जून १७८६ मध्ये कॉमन्सने तो ६७ विरुद्ध ११९ मतांनी फेटाळला. विरोधात मत देणाऱ्यांत हेन्री डंडास होता, तोच, ज्याने चार वर्षांपूर्वी या लढाईला नावं ठेवली होती. आता तो सरकारी बाकावर होता. त्याचं म्हणणं, त्या लढाईनंतर पार्लमेंटने हेस्टिंग्जला पुन्हा त्याच जागी नेमलं, म्हणजे ती लढाई माफ झाली. मराठ्यांच्या युद्धावर आणि तहावर बर्कचा स्वतंत्र आरोप होता, विसावा. १३ फेब्रुवारी १७८८ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला तो २३ एप्रिल १७९५ पर्यंत चालला. सात वर्षं. युक्तिवाद झाले ते बनारसच्या राजाचे, अवधच्या बेगमांचे, भेटींचे, कंत्राटांचे. आमचा घाट त्या दालनात पोचलाच नाही. शेवटी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

माझ्या टेबलावरचा अनुभव मला इथे आठवतो. आमच्या कायद्यात सरपंचाचं पद जायला काय लागतं? सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, पद गेलं. सरकारी जागेवर पडवी निघाली, पद गेलं. निवडणूक खर्चाचा हिशेब वेळेत दिला नाही, गेलं. हे सगळं कागदावर सिद्ध होतं. पण गावाचं गायरान ज्याच्या हयातीत हातचं गेलं, ओढा ज्याच्या डोळ्यांदेखत बुजला, त्याला त्यासाठी घरी जाताना मी पाहिला नाही. लहान चुकीला कलम असतं. मोठ्या चुकीला धोरण म्हणतात.

अमेरिकेतही हेच झालं, आणि ते योगायोगाने झालेलं नाही. १७८७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात त्यांची घटना लिहिली जात होती. अध्यक्षाला काढण्याची कारणं ठरवताना जॉर्ज मेसन या सभासदाने हेस्टिंग्जचंच उदाहरण दिलं: देशद्रोह आणि लाचखोरी एवढीच कारणं ठेवली तर हेस्टिंग्जसारख्याला तुम्ही हात लावू शकणार नाही. म्हणून त्याने एक शब्द सुचवला, त्याचं मराठी माझ्यासारखा कारकून ‘गैरकारभार’ असंच करील. मॅडिसन म्हणाला, हा शब्द फार सैल आहे, याने अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर जगेल. मग मेसनने तो मागे घेऊन ‘मोठे गुन्हे आणि दुर्वर्तन’ अशा अर्थाचे शब्द घातले. तेच आजवर चालतात. म्हणजे ज्या माणसाच्या फौजा बोरघाट चढल्या त्याच्याकडे बोट दाखवून अमेरिकेने अध्यक्षाला काढायचा नियम लिहिला, आणि आमच्या नोटिशीतलं पहिलंच कारण त्यातून वगळलं. मॅडिसनचं चुकलं असं मला सरळ म्हणता येत नाही. स्ट्रॉबेरीच्या पेट्या मी पाहिल्या आहेत. त्या शब्दावर किती बऱ्या सरपंचांचे बळी गेले हेही पाहिलं आहे.

पण परिणाम बघा. निक्सनने कंबोडियावर चौदा महिने चोरून बॉम्ब टाकले, काँग्रेसला खोटे अहवाल गेले. जुलै १९७४ मध्ये न्यायविषयक समितीपुढे त्याचं कलम आलं, २६ विरुद्ध १२ मतांनी पडलं. मंजूर झाली ती वॉटरगेटच्या घरफोडीची लपवाछपवी, अधिकारांचा गैरवापर, समितीला कागद न देणं. इराकच्या लढाईनंतर २००८ मध्ये डेनिस कुसिनिच यांनी बुशवर पस्तीस कलमं मांडली, ती समितीकडे गेली आणि तिथेच राहिली. अडीचशे वर्षांत रीत बदलली नाही: रोहिलखंड पडतं, कंत्राट टिकतं.

आता कोणी म्हणेल, भाऊसाहेब, आपल्याकडे राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाची तरतूद आहे की. आहे, अनुच्छेद ६१. एकचतुर्थांश सदस्यांच्या सह्या, चौदा दिवसांची नोटीस, दोनतृतीयांश बहुमत, मग दुसऱ्या सभागृहात चौकशी. कारण एकच, संविधानाचा भंग. आजवर एकदाही ही वेळ आली नाही, आणि लढाईसाठी येण्यात अर्थही नाही. सेनादलांचं सर्वोच्च आधिपत्य कागदावर राष्ट्रपतींचं असलं तरी ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. आपल्या अर्थाने तो ‘अध्यक्ष’ म्हणजे पंतप्रधान, आणि त्याला काढायला महाभियोग लागत नाही. लोकसभेत साध्या बहुमताने अविश्वास ठराव झाला की पुरे, कारणही सिद्ध करायला नको. मेसनला जे हवं होतं ते आपल्याला फुकट मिळालं आहे.

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी. एक, सैन्य परदेशी पाठवायला संसदेचं मत घ्यायची सक्ती नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली, मार्च १९९० मध्ये परतली, सुमारे बाराशे जवान तिथे राहिले. जावं की न जावं यावर आधी मतदान झालं नाही. दुसरं अधिक गंभीर आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही: पक्षादेश. १९८५ पासून खासदाराने व्हिप मोडून मत दिलं तर त्याची जागा जाते. १९४० मध्ये चेंबरलेनला त्याच्याच बाकावरच्या माणसांनी खाली खेचलं. आज दिल्लीत तसं करणाऱ्याला स्वतःलाच घरी जावं लागेल. ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नाही, म्हणून माझ्या टेबलावर ठरावाला सही करणारा सदस्य, स्ट्रॉबेरी खाऊन का होईना, स्वतःच्या हाताने सही करत होता. खासदाराला गावच्या सदस्याएवढीही मोकळीक नसावी?

माझी मागणी म्हणून लहान आहे. सैन्य सीमेपलीकडे पाठवलं तर चौदा दिवसांत लोकसभेपुढे तोच एक प्रश्न मांडावा, आणि त्या मतदानाला पक्षांतरबंदी लागू नसावी. देशावर हल्ला झाला तर लढायला कोणी परवानगी मागत बसणार नाही, हॉर्नबीच्या कायद्यातही ती सोय होती. १९७१ ला असं मतदान झालं असतं तर माझ्या मते ते जवळपास एकमताने झालं असतं. न्याय्य लढाईला मताची भीती कशाला?

यावर एक आक्षेप असा आहे, ज्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. बारभाईंनी राघोबांना काढलं ते योग्यच केलं. खुनाचा ठपका असलेला माणूस गादीवर नको, रामशास्त्र्यांनी सांगितलं, कारभाऱ्यांनी अंमलात आणलं. आमच्या इतिहासातला तोच एक महाभियोग. पण काढलेला माणूस कुठे जातो? राघोबा सुरतेला गेले आणि इंग्रजांची फौज घेऊन आमच्या घाटात आले. गावात काढलेला सरपंच दुसऱ्या गटात जातो आणि पाच वर्षं नळाला पाणी येऊ देत नाही. काढण्याची किंमत असते, आणि ती काढणाऱ्यापेक्षा बहुधा दुसराच मोजतो. तरी मी काढण्याच्याच बाजूचा आहे, कारण राघोबा गादीवर राहिले असते तर काय किंमत पडली असती हे त्या खुनाच्या रात्रीच दिसलं होतं.

आणि ही फूटपट्टी फक्त इंग्रजांना लावून चालणार नाही. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर होत राहिल्या. तिथे आजही आया पोरांना ‘बर्गी आले’ म्हणून झोपवतात. ते बर्गी म्हणजे आपलेच बारगीर. त्यांनी बंगालमध्ये किती पेंढा नेला, किती राब बुडवले, याचा जाब पुण्यात किंवा साताऱ्यात कोणी विचारला नाही. बर्कसारखा एकजण जरी आपल्या दरबारात उठला असता, आणि हरला असता, तरी मला आज बंगाली माणसाशी बोलताना थोडं बरं वाटलं असतं.

एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराकवरच्या लढाईविरुद्ध ठराव केला होता. सभापतींच्या खुर्चीवर आमच्याच रायगडातल्या नांदवीचे मनोहर जोशी होते. इंग्रजीत कोणता शब्द घ्यायचा, सौम्य की कडक, यावर बरंच ताणलं, शेवटी ‘निंदा’ या शब्दावर सगळे एक झाले. दुसऱ्याच्या लढाईवर आपली संसद एकमताने बोलू शकते, हे त्या दिवशी दिसलं.

हे सगळं मी एका पानात, अर्जाच्या नमुन्यात, मुद्दे एक ते चार, लिहून काढलं आणि परवा ग्रामपंचायतीत घेऊन गेलो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचावं, पटलं तर ठराव करून खासदारांकडे पाठवावा. आमचे ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, माणूस भला. त्यांनी पान दोनदा वाचलं, विषयपत्रिका पुढे ओढली, वरून खाली बोट फिरवलं. पाणीपट्टी, घरकुल यादी, गटार, दिवाबत्ती.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “हे कशाखाली घ्यायचं?”

मी म्हटलं, तुम्हीच बघा.

त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पेनाने तिथे बारीकशी खूण केली. ओळ अशी होती: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’